गर्कची साक्ष

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. भाऊसाहेब मौल्यांचं तोंड दुधानं कधी पोळलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ते पाणीसुद्धा फुंकून पीत. पिंपळदरीत त्यांची अकरा एकर द्राक्षबाग होती. बागेच्या मधोमध, जाळीच्या उंच कुंपणात बारा ओळी वेगळ्या काढलेल्या होत्या. त्या कुंपणाचं फाटक अंगठा टेकवला की उघडे, आणि ते ओळखत असे तीनच अंगठे: भाऊसाहेबांचा, त्यांच्या बायकोचा म्हणजे अलकाताईंचा आणि लेकीचा, तेजलचा. मजूर आत जायचे ते भाऊसाहेबांच्या पाठोपाठ, आणि बाहेर यायचे ते खिसे उलटे करून.

आत होता काळोबा. चौदा वर्षांपूर्वी बेदाणे धुवायच्या हौदापाशी एक रोप आपोआप उगवलं होतं. तेजल तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेतून आली की बाटलीतलं उरलेलं पाणी ती त्याला घाले, आणि त्याचे काळेभोर मणी बघून काळोबा हे नावही तिनंच ठेवलेलं. पुढं उन्हाळे वाढत गेले. दिवाळी उलटली तरी पारा चाळिशीखाली येईना, थंडीची फक्त बातमी येऊ लागली. द्राक्षाला फुलोरा येतो तो नेमका त्याच दिवसांत. फुलातला पराग उष्णतेनं मरून जाई, मणी धरत नसत, घड नुसते काड्यांचे सांगाडे व्हायचे. एकट्या काळोबाचा पराग त्रेचाळीस अंशांतही जिवंत राहत होता. हे भाऊसाहेबांच्या लक्षात आलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. कुंपणातल्या बारा ओळी त्याच्याच काड्यांपासून वाढवलेल्या.

त्यांनी वाण नोंदणीच्या कचेरीत अर्ज केला. वाणाचं नाव, 'मौले काळोबा'. अर्जाला आता चौदा महिने झाले होते आणि मंजुरी तोंडावर आली होती. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. त्यातला सगळ्यांत कडक नियम असा की, अर्जाच्या आधी वर्षभराहून जास्त काळ, वाण तयार करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं, राजीखुशीनं एक जरी जिवंत काडी कुणाला दिलेली असली, तर तो वाण नवा राहत नाही. मग त्याच्यावर कुणाचं नाव लागत नाही, तो सगळ्या मुलखाचा होतो. भाऊसाहेब या नियमाला भीत नव्हते. दर छाटणीला ते काळोबाच्या काड्या मोजून गोळा करत आणि स्वतः पेटवून देत. शेजाऱ्यानं काडी मागितली तर नाही म्हणू नये अशी आपल्याकडची रीत, ती त्यांनी केव्हाच मोडली होती.

आता गर्कची गोष्ट.

एड्रियाटिक समुद्रात कोर्चुला नावाचं एक बेट आहे. तिथल्या एका गावाच्या वाळूत ही पांढऱ्या वाइनची द्राक्षवेल शतकानुशतकं वाढत आलेली. तिच्या नावाचा अर्थ काही जण 'कडू' असा सांगतात, काही जण 'ग्रीक' असा. मूळ नावात स्वर नावालाही नाही. उच्चारताना दात हलतात. आपल्या लोकांनी तिला सरळ गर्क करून टाकलं. ऊन आणि खारा वारा सोसणारी वेल म्हणून दिंडोरीकडच्या एका वाइनरीनं ती आणली आणि पाच-सहा बागायतदारांना लावायला दिली. त्यांत एक होते खडकमाळचे चिंतामण गायखे. हे भाऊसाहेबांचे व्याही. तेजल त्यांच्या घरी दिलेली.

गर्कचा स्वभाव जगावेगळा आहे. बहुतेक द्राक्षांच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात आणि फूल आपलं आपण फळतं. गर्कचं फूल मात्र निव्वळ बाई. त्यात केसर असतात, पण खाली मुडपलेले, आणि त्यांचा पराग वांझ. म्हणून तिच्या शेजारी दुसऱ्या जातीची वेल लावावीच लागते. बाहेरचा पराग मिळाला की मणी टपोरा, बियांचा होतो. नाही मिळाला तर वाटाण्याएवढा, बिनबियांचा आणि गोड राहतो. एकाच घडात असे लहानमोठे मणी नांदतात. त्यांच्या वाइनला लिंबाच्या सालीचा वास असतो, जरा खारटपणा असतो, आणि घोट उतरला की जिभेच्या मुळाशी कडवटपणा रेंगाळतो.

याचा एक परिणाम मात्र कुणाच्या ध्यानात आला नव्हता. गर्कच्या प्रत्येक बीला बाप असतो, आणि तो कधीच तिचा स्वतःचा नसतो. म्हणजे आसपास कुणाकुणाच्या वेली फुलल्या होत्या, त्याची नोंदच ती पोटात बाळगून असते. गरज होती ती नोंद वाचणाऱ्या यंत्राची, आणि ते आलं. हातात मावेल एवढी पेटी. बी चिरडून थेंबभर द्रावणात टाकायची. बियांतल्या डीएनएतला आईचा अर्धा भाग ठरलेला, तो पेटी वजा करते, आणि उरलेला अर्धा जगातल्या हजारो नोंदलेल्या जातींशी ताडून बापाचं नाव पडद्यावर लिहिते. चार मिनिटांत. कंपनीनं त्याचं नाव ठेवलं होतं बीजवाचक. गावानं फिरून बारसं केलं, बापदाखव्या.

वाइनरीला जाणून घ्यायचं होतं की कुठल्या वेलीचा पराग गर्कला लागू पडतो. बागायतदार संघानं हे तपासणीचं काम भाऊसाहेबांवर सोपवलं, कारण ते काटेकोर. माकडाच्या हाती कोलीत देणं म्हणतात ते हेच.

माघ लागला तेव्हा भाऊसाहेब चार मळे तपासून खडकमाळला पोहोचले. चारही मळ्यांत रड एकच होती. फुलोऱ्याच्या दिवसांत उष्णतेनं पराग मेला होता, गर्कच्या घडांत नुसते बारके मणी. चिंतामणरावांच्या मळ्यात पाऊल टाकलं आणि भाऊसाहेब थबकले. घराकडच्या ओळींत घड वाकून गेले होते. टपोरे, पिवळसर, उन्हाकडं धरले तर आतली बी दिसावी असे.

"काय व्याही, कशी काय जमली?" चिंतामणराव हसत म्हणाले. गडगडाटी माणूस, पोटात एक ओठात एक असं त्यांचं कधी नसे, आणि म्हणूनच भाऊसाहेबांना त्यांचा भरवसा वाटत नसे.

"पराग कुठला वापरला?"

"आपलं नेहमीचंच. दर पाचवी ओळ दुसऱ्या वाणाची लावलीय, वाइनरीनं दिली तीच. यंदा देवाची मर्जी म्हणायची."

देवाची मर्जी घराकडच्याच ओळींवर बरी झाली, असं भाऊसाहेबांच्या मनात आलं. ते मळ्याच्या पार टोकाला गेले. तिथं घडांत बारके मणी. घराकडं येऊ लागले तसतसे मणी वाढत गेले. द्राक्षाचा पराग काही कोसभर उडत नाही; शे-दोनशे पावलांत त्याचा जीव संपतो. म्हणजे जे काही होतं ते घराच्या आसपास होतं.

बी चिरडली. चार मिनिटं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'पितृवाण: नोंद नाही.'

चिंतामणराव खांद्यावरून वाकून बघत होते. "घ्या! बाप बेपत्ता!" असं म्हणून ते इतक्या जोरात हसले की ओळीतल्या बायकाही हसू लागल्या. "चला, घरी चला, चहा घ्या."

"लेकीच्या घरचं पाणी चालत नाही आम्हाला. मूलबाळ होऊ द्या, मग येतो," भाऊसाहेब म्हणाले. लग्न झाल्यापासून ते बांधावरूनच परत जात. त्यांनी एक घड पिशवीत टाकला आणि निघाले.

घरी आल्यावर त्यांनी काळोबाचं पान तोडलं, पेटीत घातलं आणि गर्कच्या बियांशी ताडून बघितलं. पडद्यावर आकडा आला. हजारात नऊशे नव्व्याण्णव.

त्यांनी कुंपण सगळीकडून तपासलं. जाळी कुठं फाटलेली नव्हती.

"अहो, वाऱ्यानं गेला असंल पराग," अलकाताई म्हणाल्या.

"अकरा किलोमीटर?"

"मधमाशी?"

"मधमाशीला एसटीचा पास काढून दिला होता का तू?" भाऊसाहेब कडाडले. "काडी गेलीय. इथून काडी गेलीय, तिथं लावलीय आणि तिला फुलोरा आलाय. काडीला फुलोरा यायला अडीच-तीन वर्षं लागतात. मोज. तीन वर्षांपूर्वीचा चैत्र-वैशाख. खरड छाटणी, काड्या कापायचे दिवस."

अलकाताईंनी मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात तेजलचं लग्न झालं होतं.

भाऊसाहेबांकडं फाटकावरच्या कॅमेऱ्याची जुनी चित्रं जपून ठेवलेली होती. ते काही फेकून देणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी तो आठवडा काढला. लग्नाच्या दोन दिवस आधी, दुपारी, तेजल एकटी आत गेलेली दिसत होती. पाऊण तास आत होती. बाहेर आली तेव्हा ओढणीचा बोळा करून तिनं तोंडाशी धरलेला. रडत होती, हे उघडच होतं. सासरी जाणारी मुलगी रडणारच. पण भाऊसाहेब तोंडाकडं बघत नव्हते, बोळ्याकडं बघत होते. त्या बोळ्यात वीतभर काडी सहज मावली असती.

"मन चिंती ते वैरी न चिंती," अलकाताई म्हणाल्या. "पोटची पोर आहे तुमची."

"पोटची आहे म्हणूनच तिचा अंगठा चालत होता."

त्यांनी ती चित्रं सतरा वेळा बघितली. सुतावरून स्वर्ग गाठायला त्यांना सूतही लागत नसे. इथं तर अख्खी ओढणी होती. सासरच्यांनी मागितली असणार, पोरीनं नेली असणार. नाहीतर गर्क मिळाल्यावर चिंतामणराव इतके निवांत कसे राहिले? चाळीस अंशांत गर्कला पराग देणारा बाप कुठं मिळतो हे त्यांना आधीच माहीत होतं म्हणूनच ना? आणि मग मागणी घालायला आले तेव्हा ते मुलगी बघायला आले होते की बाग, हाही प्रश्न भाऊसाहेबांना पडला. एकदा पडल्यावर तो जाईना.

पुढच्या शनिवारी तेजल माहेरी आली. आल्या आल्या तिनं चपला काढल्या नाहीत, पिशवी ओट्यावर टाकली. "आलेच हं मम्मी, काळोबाला बघून येते."

अलकाताई काही बोलायच्या आत ती फाटकापाशी पोहोचली होती. भाऊसाहेब द्राक्षांच्या क्रेट भरून घेत होते, ते तिथंच उभे राहिले. तेजलनं अंगठा टेकवला. लाल दिवा. तिनं अंगठा ओढणीला पुसला, पुन्हा टेकवला. लाल दिवा.

"पप्पा, मशीन बिघडलंय का?"

"बिघडलं असंल," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी क्रेटमधला एक घड उचलून नीट ठेवल्यासारखं केलं.

अलकाताई धावत आल्या. मुलीला वाईट वाटू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी स्वतःचा अंगठा टेकवला, आणि फाटक उघडलं.

उघडलेल्या फाटकात तेजल उभी राहिली. आत गेली नाही. तिनं आईकडं बघितलं, मग बापाकडं. "मशीन बिघडलेलं नाही," ती म्हणाली. जेवायलाही न थांबता ती संध्याकाळच्या बसनं परत गेली. अलकाताई त्या दिवसापासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

भाऊसाहेबांना यात पुरावाच दिसला. निर्दोष माणूस भांडला असता, विचारलं असतं, ही गप्प का गेली? सोमवारी त्यांनी कचेरीत तक्रार दिली. लेकीचं नाव त्यांनी त्यात घातलं नाही. तेवढी माया उरली होती. 'खडकमाळ येथील चिंतामण गायखे यांच्या राहत्या घराच्या परिसरात माझ्या वाणाची चोरीची वेल असून...' असं लिहिलं. सोबत गर्कच्या बियांचा अहवाल जोडला.

"लेक दिलीय त्या घरात," अलकाताई एवढंच म्हणाल्या.

"मी घरावर नाही, वेलीवर तक्रार दिलीय."

कचेरीच्या तपासनीस निकम मॅडम दहाव्या दिवशी आल्या. सोबत दोन माणसं, फावडं आणि सील करायची लाख. नियमाप्रमाणं तक्रारदाराला हजर राहावं लागतं. म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा भाऊसाहेब मौले आपल्या लेकीच्या घराचा उंबरा ओलांडून गेले, तेही पंचनाम्याला.

परसदारी गेल्यावर शोधायची गरजच पडली नाही. धुण्याच्या दगडावर सावली धरून एक वेल मांडवभर पसरली होती. मनगटाएवढं खोड, आणि काळेभोर घड. भाऊसाहेबांना पान हातात घ्यायचीही गरज नव्हती. घराला लागून कुंपण, कुंपणापलीकडं गर्कची पहिली ओळ. आपलं खरं ठरलं याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण टिकला नाही.

चिंतामणरावांचं हसू त्या दिवशी कुठं दिसत नव्हतं. "व्याही, घरावर पोलीस आणायचे तेवढे बाकी ठेवले तुम्ही. शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं?"

"काडी नेताना तुम्ही टाकला होता शब्द?"

निकम मॅडमनी पेटी लावली, वेलीचं पान तपासलं. जुळलं. त्यांनी कागद काढला. "गायखे, वेल आजच उपटावी लागेल. तुमच्या गर्कला या वेलीचा पराग लागलाय, म्हणून ती निकाल लागेपर्यंत सील होईल. आणि तुमचं नाव चोरीच्या नोंदीत जाईल. काही सांगायचंय?"

दारात तेजल उभी होती. तिच्या शेजारून तिच्या सासूबाई, छायाताई, पदर खोचून पुढं आल्या. ठेंगणी, खणखणीत बाई.

"उपटा की," त्या म्हणाल्या. "पण ज्यानं खोचली त्यानंच उपटावी. व्याहीबुवा, या पुढं."

"मी?"

"तुम्ही नाही तर कोण? मुहूर्तमेढ कुणी केली होती? आमच्यात लग्न मुलाच्या दारी, आणि मेढीला मुलीच्या बापाच्या शेतातली ओली फांदी लागते, त्यानं स्वतःच्या हातानं खोचलेली. तुम्ही आंब्याची आणली होती. गाडीच्या मागं उन्हात पडून ती करपली. गुरव म्हणाला, सुकलेली चालायची नाही, अपशकुन होईल. तेव्हा तुम्ही गाडीत हात घातला आणि ओल्या गोणपाटातनं एक काडी ओढून काढली. म्हणालात, ही घ्या, आमच्या शेतातलीच आहे. हळदीचं पाणी पडलं, दूध पडलं. सोळा दिवसांनी मेढ काढली तर काडीला दोन पानं फुटलेली. माझा नाही हात धजावला उपटायला. लक्ष्मीसारखी सून आली आणि तिच्या पायगुणानं मेढ जिवंत झाली, असं म्हटलं मी. बागेबरोबर मीच छाटते तिला."

भाऊसाहेबांना आठवलं, आणि एकदा आठवल्यावर सगळंच आठवलं. त्या वैशाखात नव्या ओळीवर कलमं बांधायची म्हणून काळोबाच्या काड्यांची एक जुडी त्यांनी ओल्या गोणपाटात राखून ठेवली होती. लग्नघरात शे-पाचशे माणसं येणार, कुणाचा काय भरवसा, म्हणून ती घरात ठेवली नाही. स्वतःच्या गाडीत, सीटमागं ठेवली. म्हणजे काळोबाची काडी पिंपळदरीच्या बाहेर गेली ती त्यांच्याच संशयाच्या गाडीत बसून. आणि त्या सकाळी गायख्यांकडचे मानपानात आपल्याला कुठं कुठं कमी लेखतायत हे हेरण्यात ते इतके गर्क होते की, हातानं काय खोचलं याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. लेकीला अपशकुन नको, एवढंच काय ते मनात आलं होतं.

"काखेत कळसा," चिंतामणराव हळूच म्हणाले, आणि पुढचं गिळलं.

निकम मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मौले, या बाई म्हणतात त्याला फोटो नाही, कागद नाही?"

"फोटोवाला दहाला आला. मेढ सातला," छायाताई म्हणाल्या.

"मग नुसता शब्द आहे. मौले, तुम्ही नियम जाणता. तुम्ही 'नाही दिली' म्हणालात तर पंचनामा पुढं जाईल. 'दिली' म्हणालात तर अर्जाच्या आधी वीस महिने काडी गेली होती, असं ठरतं. मग अर्ज रद्द. काळोबावर तुमचं नाव लागणार नाही, कधीच. विचार करून सांगा."

चौदा वर्षं. बेदाण्याचा हौद, पहिल्या उन्हाळ्यात रोपावर धरलेली छत्री, जाळलेल्या काड्यांचे ढीग. एक शब्द 'नाही' आणि सगळं जाग्यावर राहणार होतं. छायाताईंचं कोण ऐकणार होतं? भाऊसाहेबांच्या मनात हेही येऊन गेलं की बाई नाटक करत असेल, गुरवाला पढवलं असेल. मन असं की स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवरही संशय घ्यायला तयार. त्यांनी तेजलकडं बघितलं. ती विनवणी करेल, निदान रडेल असं त्यांना वाटलं होतं.

"माझ्याकडं बघू नका, पप्पा," ती म्हणाली. "माझा अंगठा तुम्ही आधीच काढलाय. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. मला याच घरात राहायचंय, एवढं ध्यानात ठेवून म्हणा."

भाऊसाहेब निकम मॅडमकडं वळले.

"मीच दिली," ते म्हणाले. "माझ्या हातानं. राजीखुशीनं. लिहून घ्या."

निकम मॅडमनी जबाब लिहिला, त्यांनी सही केली. सही करताना आडनावातला 'ले' कागदाबाहेर गेला. अर्जावर आडवी रेघ पडली. माणसांनी फावडं उचललं आणि ती तिघं निघून गेली. चिंतामणराव त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेले. छायाताई आत गेल्या, भांड्यांचा आवाज येऊ लागला.

परसात बाप-लेक दोघंच उरली. तेजल धुण्याच्या दगडावर बसली. भाऊसाहेब वेलीखाली उभे राहिले. आपण केवढं सोडलं हे ती म्हणेल, निदान जवळ येईल, अशी त्यांना आस होती. ती जाग्यावरून हलली नाही.

"गुरव अजून आहे गावात," ती म्हणाली. "उद्या मॅडमनी त्याला विचारलं असतं. हे मनात येऊन बोललात का?"

"नाही गं."

"मग?"

भाऊसाहेबांनी तिच्याकडं नीट बघितलं. डोळे बारीक केलेले, ओठ मिटलेले, समोरच्याच्या शब्दापेक्षा चेहरा वाचायची धडपड. ही नजर त्यांना अनोळखी नव्हती. तीस वर्षं ते दाढी करताना आरशात तीच बघत आले होते. पोरीला आपण बाग दाखवली, शाळा दाखवली, आणि बरोबरीनं हेही शिकवलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

तरीही त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच: "तुला ठाऊक होतं ना? हा काळोबा आहे, हे?"

"दुसऱ्याच वर्षी. पानावरून ओळखला."

"आणि सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का पण? मी कुणी परका होतो?"

वाऱ्यानं मांडवावरची पानं हलत होती. कुंपणापलीकडच्या गर्कच्या ओळीत कुणीतरी क्रेट आपटली.

"सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं, पप्पा?"

भाऊसाहेबांच्या जिभेवर बरंच काही आलं. मला आनंदच झाला असता. लेकीच्या दारी माहेरची वेल, मी कशाला आड आलो असतो. तुझ्यापुढं मला काळोबाचं काय. ही वाक्यं त्यांनी मनात जुळवली, आणि ती नजर अजून आपल्यावर रोखलेली आहे हे बघून एकेक करून गिळली.

"उपटून नेली असती," ते म्हणाले.

त्यांनी त्या दिवशी जे जे सांगितलं, त्यातल्या या एकाच वाक्यावर तेजलचा लगेच विश्वास बसला.